पेनड्राइव्हमधली मराठी

नंदुरबारमध्ये वेबसाइटचं काम मिळालं की मजकूर ईमेलने येत नाही, पेनड्राइव्हवर येतो. संस्थेचा शिपाई नाहीतर दुकानातला पोरगा तो आणून देतो आणि सोबत निरोप देतो, "सगळं टाइप झालेलं आहे, तुम्ही फक्त नेटवर टाका." फाइल उघडावी तर आत इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी. हीच फाइल छापखान्यातल्या संगणकावर झकास मराठीत दिसते. मग फोनवर संवाद होतो. "भाऊ, तुमच्या लॅपटॉपमध्येच काहीतरी बिघाड असेल." बिघाड नसतो. पण तो नाही हे समोरच्याला पटवायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

मी जिल्ह्यात वेबसाइट बनवून देण्याचा धंदा करतो. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी झाली, मग परत आलो. ग्राहक म्हणजे मिरचीचे व्यापारी, ॲग्रो एजन्सीवाले, शाळा, पतसंस्था, दवाखाने आणि अधूनमधून सातपुड्यातला एखादा महिला गट. यांच्याबरोबर काम करताना जे वाद होतात त्यातले निम्मे पैशांचे वाटतात. जरा खणलं की खाली इतिहास निघतो, आणि तो कॉलेजात कुणी शिकवलेला नसतो.

तर सुरुवात कानपूरपासून. १९८० च्या दशकात तिथल्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्या संगणकावर आणायच्या खटपटीत होते. त्यातून 'जिस्ट' हे तंत्रज्ञान आलं. संगणकात एक कार्ड बसवायचं, की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि हे काम तिकडे गेलं. याच प्रयत्नांमधून 'इस्की' नावाची सांकेतिक पद्धत ठरली, १९९१ मध्ये तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिची मूळ कल्पना फार शहाणी होती. 'क' साठी एक अंक, वेलांटीसाठी एक अंक. ते एकमेकांना कसे चिकटवायचे आणि पडद्यावर कसे दाखवायचे हे संगणकाने बघावं. भाषा एकीकडे, तिचं रूप दुसरीकडे.

पण बाजार थांबला नाही. १९९२ च्या सुमारास विंडोज ३.१ आणि पेजमेकर छापखान्यांत शिरले. खिळे जुळवणारी माणसं बाजूला झाली, डीटीपीवाले आले. या विंडोजला अक्षरं चिकटवणं बिलकूल येत नव्हतं. तिला इंग्रजी लिपीची दोनशे-सव्वादोनशे घरं तेवढी माहीत. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. त्याच घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एका घरात अर्धा 'ग', दुसऱ्यात काना. दोन कळा दाबल्या की डोळ्यांना 'ग' दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन इंग्रजी चिन्हंच असतात.

पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, त्याशिवाय आकृती, कृतिदेव, सी-डॅकचे स्वतःचे फॉन्ट अशी मंडळी या काळातली. यांना आज नावं ठेवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. या फॉन्टांमुळे तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका, कार्यअहवाल, साप्ताहिकं संगणकावर निघायला लागली, तीही सुबक अक्षरांत. किंमत एवढीच की प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी वेगळी. एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये लावला की कचरा. त्यात सॉफ्टवेअरला डोंगल नावाचं कुलूप, ते संगणकाच्या मागे खोचलेलं असल्याशिवाय काहीच चालायचं नाही. म्हणजे मजकूर तुमचा, पण तो वाचायची किल्ली कंपनीकडे आणि ती लावलेली छापखान्याच्या मशीनला.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच वर्षाच्या शेवटी केंद्राने खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरवायची मोकळीक दिली. तोवर, १५ ऑगस्ट १९९५ पासून, ते काम एकट्या विदेश संचार निगमचं होतं. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, नवी पत्रं, नव्या संस्थांच्या नोंदण्या, आणि हे सगळं टाइप झालं याच तुकड्यांच्या फॉन्टांत. आपल्या जिल्ह्याच्या पहिल्या दहा वर्षांचा कागद शोधायला गेलात तर बराचसा या अशा फाइलींत पडलेला असणार. एखाद्या फाइलीत 'सरदार सरोवर' शंभर वेळा असेल, पण संगणकाला शोधायला सांगितलं तर तो म्हणेल असा शब्दच नाही.

तेव्हाच्या मराठी वेबसाइट ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती ओळ आठवत असेल : मराठी नीट दिसत नसेल तर फॉन्ट उतरवून घ्या. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोररने पानासोबत फॉन्ट पाठवायची सोय केली, नेटस्केपने वेगळीच केली, दोघांचं एकमेकांशी जमेना. १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली मायबोली असो की वर्तमानपत्रांच्या साइट, सगळ्यांनी या कसरती केल्या. आणि गूगलला त्यातलं अक्षर कळत नसे, कारण त्याच्या लेखी ते मराठी नव्हतंच.

युनिकोड १९९१ पासून होतं, त्यातली देवनागरी इस्कीवरच बेतलेली. पण ते आपल्या टेबलावर यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्यासोबत 'मंगल' हा फॉन्ट आला, र. कृ. जोशींनी घडवलेला. जोशी जाहिरात क्षेत्रातून आलेले, नंतर आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे, अक्षरांवर जीव असलेले गृहस्थ. आज जे लोक मंगलला कंटाळलेत त्यांनी तो कुठल्या अडचणीत घडला ते बघावं, कमी बारकाव्याच्या पडद्यावर जोडाक्षर वाचता येणं हीच मोठी गोष्ट होती. पुढच्या विंडोज एक्सपीत तर देवनागरी चालू करायला सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागे. छापखान्यातल्या माणसाने ती का बसवावी? त्याच्या पेजमेकरला युनिकोड कधीच कळलं नाही, २००१ च्या शेवटच्या, सातव्या आवृत्तीपर्यंत. पत्रिका तर छापून निघतच होत्या.

म्हणून माझ्याकडे आजही पेनड्राइव्ह येतो.

आता यातला खरा पेच. "टायपिंगचे पैसे आम्ही एकदा दिलेत, पुन्हा कशाला?" हा ग्राहकाचा प्रश्न मला रास्त वाटतो. उत्तर असं की फाइलीत शब्द नाहीत, शब्दांची चित्रं आहेत. चित्रावरून शब्द काढायला मी प्रोग्राम लिहिलाय. तो सोपा वाटतो आणि सोपा नाही. जुन्या फाइलीत वेलांटी अक्षराच्या आधी असते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. 'धर्म' मधला रफार जुन्या फाइलीत 'म' च्या नंतर असतो, कारण तो 'म' उमटल्यावर त्याच्या डोक्यावर चढवायचा. युनिकोडमध्ये 'र' 'म' च्या आधी यायला हवा, कारण आपण उच्चारतो तसाच तो तिथे साठवतात. मग 'मूर्ती' घ्या. इथे रफाराला आधी दुसरी वेलांटी ओलांडायची, मग 'त', आणि मग त्याच्या अलीकडे बसायचं. असे पन्नासेक नियम झाले की शंभरातले नव्वद शब्द सरळ होतात. उरलेल्या दहांमध्ये हमखास माणसांची नावं असतात.

आणि सगळ्यात जास्त रडवतो तो 'ऱ्य'. आचार्यांना दक्षिणा देणं वेगळं आणि आचाऱ्यांना देणं वेगळं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, संगणकाला लागतं. हिंदीला या अक्षराची गरज नाही, त्यामुळे त्याची सोय ही बाजूला केलेली सोय आहे. त्यातही ते दोन पद्धतींनी लिहिता येतं. दिसायला दोन्ही एकसारखे, आत वेगळे. एका पद्धतीने 'शेतकऱ्यांसाठी' लिहिलं आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर साध्या शोधात ते सापडत नाही. आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी, व्यापाऱ्यांसाठी आणि मिरचीच्या पथाऱ्या हे शब्द नसलेलं पान दाखवा. तीच गत 'ॲ' ची. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं घर मिळालं २००८ मध्ये. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र ठेवून भागवत, काही फॉन्टांत तो चंद्र अक्षर सोडून एका पोकळ गोलावर जाऊन बसे. शहाद्याच्या बाजारात फिरून किती दुकानांच्या नावात 'ॲग्रो' आहे मोजा, म्हणजे कळेल मला याचं काय पडलंय.

'ल' आणि 'श' यांचंही आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' वापरायचं ठरवलं. वेबपानाला 'ही भाषा मराठी आहे' अशी खूण दिली तर काही फॉन्ट आपोआप ही रूपं दाखवतात. एका शब्दाचं काम. पण बहुतेक तयार साच्यांत पानाची भाषा इंग्रजीच लिहिलेली असते आणि कुणी बदलत नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या शाळेच्या साइटवरचा 'ल' दाखवून विचारलं होतं, "हा हिंदीवाला का घातला?" माझ्या सगळ्या ग्राहकांमध्ये एवढा बारीक डोळा त्यांचाच. त्यांनी पैसे मात्र सगळ्यात उशिरा दिले, तो भाग वेगळा.

पैशांवरून आठवलं. इथे ग्राहकाच्या डोक्यात वेबसाइट म्हणजे पाटी असते. पेंटरने पाटी रंगवली, पैसे घेतले, विषय संपला. पाटीचं दर वर्षी भाडं असतं हे कुणाला पटावं? डोमेनचं नूतनीकरण, होस्टिंग, हे शब्द मी वापरणं सोडलंय. मी सांगतो की नाव आणि जागा दोन्ही भाड्याने असतात. दुकान भाड्याने घेतलेल्या माणसाला ते लगेच कळतं, स्वतःच्या जागेतल्या माणसाला वेळ लागतो.

या नावाच्या भाड्यात मोठी भानगड आहे. 'डॉट इन' हा भारताचा पत्ता १९८९ चा. सुरुवातीची वर्षं तो जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडून मिळे, नियम कडक, नावं मोजकी. (र. कृ. जोशींनी पुढे याच केंद्रात काम केलं. आपलं अक्षर आणि आपला पत्ता एका छपराखाली होते, हे मला उगाच आवडतं.) फेब्रुवारी २००५ मध्ये नोंदणी सगळ्यांना खुली झाली आणि नावं धडाधड जाऊ लागली. आमच्याकडे मात्र लोकांनी नावं स्वतः घेतली नाहीत. कुणी तरी शहरातला 'वेबसाइटवाला' आला, त्याने नाव घेतलं, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने.

जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं असंच झालं. साइट करून देणारी मंडळी शहरातली. नूतनीकरणाची आठवण त्यांच्या कुणा नोकरदाराच्या ईमेलवर जात राहिली, तो नोकरी सोडून गेलेला. मुदत संपली, वरची सवलतही संपली, नाव मोकळं झालं आणि परदेशातल्या कुणी तरी उचललं. त्यावर जुगाराच्या जाहिराती लागल्या. संस्थेच्या बसवर, प्रवेशद्वारावर, हजेरीपटावर तोच पत्ता छापलेला. माझ्याकडे आले तेव्हा अध्यक्ष अण्णांचा एकच प्रश्न होता, "नाव आमचं, मग दुसरा घेतो कसा?"

मी म्हटलं, अण्णा, सातबाऱ्यावर तुमचं नाव कधी नव्हतंच.

पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. हा जिल्हाच त्या कागदाने पोळलेला आहे. १९७० च्या आसपास शहादा-तळोद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि पुढे श्रमिक संघटनेने जी चळवळ उभी केली तिच्या मुळाशी हेच होतं, की जमीन कसणारा एक, कर्जाच्या कागदावर अंगठा देणारा तोच, आणि उताऱ्यावर नाव भलत्याचं. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने त्यानंतर केला. डोमेन आणि जमीन यांची तुलना तशी बरोबर नाही, डोमेन गेलं म्हणून कुणी उपाशी राहत नाही. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या नावे असणं म्हणजे काय, हे इथे इंजिनिअरने शिकवायची गोष्ट नाही. तेव्हापासून माझ्या करारात पहिलं कलम हेच असतं : नाव ग्राहकाच्या ईमेलवर, ग्राहकाच्या मोबाइल नंबरवर नोंदवायचं. ईमेल नसेल तर आधी तो काढायचा, पासवर्ड त्याच्याच वहीत लिहायचा. बरेच जण म्हणतात, "तुम्हीच ठेवा ना, आमचा विश्वास आहे." तेव्हा मला सगळ्यात जास्त हटून बसावं लागतं.

फुकट काही मिळतंय का, ही चौकशी तर असतेच. मिळालंही. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने लहान धंद्यांना वर्षभर फुकट वेबसाइट आणि 'डॉट इन' नाव द्यायची मोहीम काढली होती. पुढे गूगलच्या नकाशावरल्या नोंदीतूनच एका पानाची साइट बनवता यायला लागली. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं तसंच. कुणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही, फुकट दिलेली ओसरी मालक कधीही मागू शकतो इतकंच. पण मग "फेसबुकवर आहे ना, वेगळी साइट कशाला?" या प्रश्नाला मी ही दोन सालं सांगतो आणि गप्प बसतो. निम्मे तरीही फेसबुकवरच राहतात. त्यांचंही चुकत नाही, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यापासून त्यांचे ग्राहक तिथेच आहेत.

आता भाषेचं. साइट मराठीत की इंग्रजीत, हे ठरवताना ग्राहक क्षणभरही थांबत नाही. इंग्रजीत. दुकानाची पाटी मराठीत लागते कारण कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तो छोट्या दुकानांनाही लागू झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. वेबसाइटला कायदा नाही. एका मिरची व्यापारी काकांना मी विचारलं, तुमचा माल देणारे शेतकरी कुठली भाषा बोलतात? "आपलीच. अहिराणी, भिली, गुजर लोकांची गुजरी." आणि साइट कोण बघणार? बराच वेळ विचार करून म्हणाले, "मुलाला स्थळं येतात ते बघतील." काकांइतका खरा बोलणारा ग्राहक मला पुन्हा भेटलेला नाही.

याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. कार्डावर नाव दोन लिप्यांत असतं. एका लिपीत टाइप केलं की दुसऱ्या लिपीतलं यंत्र सुचवतं. तपासणाऱ्याने लक्ष दिलं तर ठीक, नाहीतर पाडवीचा 'ड' आणि वळवीचा 'ळ' कुठल्या कुठे जातात. इंग्रजीत 'ळ' नाही, त्यामुळे इंग्रजीतून परत आलेल्या वळवीला तो मिळेलच असं नाही. देशाच्या डिजिटल इतिहासातली पहिली ओळ आमच्या जिल्ह्यात लिहिली गेली याचा अभिमान आहेच. पण ती कुठल्या लिपीत लिहिली, हे विचारायची सवय मला या धंद्याने लावली.

धडगावच्या एका महिला गटाने मात्र उलटं केलं. आमचूर आणि मोहाचे लाडू विकतात, गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची. मी मराठी आणि इंग्रजी असं धरून गेलो होतो. गटातल्या एक ताई म्हणाल्या, "आमच्या बाया पण बघतील ना? मग पावरीत पण टाका." दर कसा ठरतो, माल कधी घ्यायचा, पैसे कधी मिळतात, एवढंच एक पान पावरीत, देवनागरी लिपीत. पावरीला आंतरराष्ट्रीय यादीत तीन अक्षरांची खूण आहे, ती मी पानाला लावली. स्पेलिंग तपासणारं काहीच नाही, म्हणून दोन ताई शेजारी बसून मोठ्याने वाचत आणि खटकलं की हसत. त्या पानाला मी पैसे लावले नाहीत, कारण त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं.

सध्या माझ्या टेबलावर एका शाळेची स्मरणिका आहे, १९९९ ची, एकशे चौऱ्याऐंशी पानं. छापील प्रत एकच उरलीय, तिची मधली पानं वाळवीने खाल्ली. फाइल शाबूत आहे पण कुठल्या फॉन्टची ते कुणाला माहीत नव्हतं, माझ्या प्रोग्रामलाही नाही. शेवटी ती ज्यांनी टाइप केली होती ते काका सापडले, आता फ्लेक्सचं दुकान चालवतात. मी फाइल मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि ती इंग्रजी खिचडी सरळ मराठीत वाचायला लागले, मधेच आल्टची कळ दाबून कुठले चार आकडे मारले की 'ऱ्य' यायचा तेही सांगितलं. आकडे मी लिहून घेतले. पानामागे वीस रुपये ठरलेत, रोज संध्याकाळी सात ते आठ, दुकान आवरल्यावर. काल बासष्टावं पान झालं.